बावीस वर्षं न संपलेले सेल

“झोपू देऊ नका त्याला! झोपला की गेलाच समजा! अगे, बटण दाब, बटण दाब!”

रविवारची दुपार होती. मी गच्चीवरच्या माझ्या खोलीत लुंगी लावून, पंख्याखाली चटईवर पसरलो होतो. खालून मामांचा हा ओरडा आला आणि मी ताडकन उठलो. आमच्या कृष्णाकाठच्या गावात ‘झोपू देऊ नका’ असं फक्त एकाच प्रसंगी ओरडतात. साप चावल्यावर. मग चावलेल्या माणसाला कडुनिंबाचा पाला चघळायला देतात, थोबाडीत मारतात, आणि गावातला सगळ्यांत कंटाळवाणा माणूससुद्धा त्याच्याशी गप्पा मारायला बसतो. मी बांधायला पंचा घेतला, दाढीचं पातं घेतलं आणि सव्वीस पायऱ्या तीन ढांगांत उतरलो. त्यातली मधली ढांग तर पूर्ण हवेतच होती.

खाली पाहतो तर कुणालाच साप चावलेला नव्हता.

मामा झोपाळ्यावर मांडी घालून बसले होते. अंगावर पंचा, कपाळाला गंध. हातात त्यांचा तो काळा कॅल्क्युलेटर, साधारण पंचपात्र धरावं तसा दोन्ही तळव्यांत धरलेला. मामी खाली फरशीवर बसून डाव्या हातानं गवारीच्या शेंगा मोडत होत्या, कारण त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता. तीन आठवड्यांपूर्वी दारात रांगोळी घालताना त्या ओल्या पायरीवरून घसरल्या होत्या.

“काय झालं मामा?”

“आकडे पुसट होत चालले, तंबी,” मामा म्हणाले, आणि त्यांचा आवाज असा फाटला की मला वाटलं, याच्यापेक्षा साप बरा.

हे मामा-मामी माझे कुणी लागत नव्हते. चेन्नईच्या वेस्ट मांबलममध्ये पन्नाशीपुढचा प्रत्येक पुरुष मामा, प्रत्येक बाई मामी आणि माझ्यासारखा पोरगा तंबी, म्हणजे धाकटा भाऊ. तमिळ असो की मराठी, त्या शब्दांवर तिथला सगळा कारभार चालतो. हे दोघं तंजावरचे मराठी. कैक पिढ्या तिकडे राहिलेली माणसं, मग नोकरीपायी चेन्नईला आलेली. मी नवशिका इंजिनियर, शहराबाहेरच्या आवडी नावाच्या गावातल्या एका सरकारी कारखान्यात रोज गाडी बदलून जाणारा. घर शोधताना मामांच्या दारावर मराठीतून हाक मारली, आणि त्यांनी भाडं ठरायच्या आधी मला ताक प्यायला दिलं. त्यांची मराठी माझ्या मराठीहून वयानं मोठी होती. मी ‘झालं, गेलं’ म्हणायचो, त्यावर मामी म्हणायच्या, “तुम्ही शब्दाचा शेवट खाऊन टाकता. जेवायला मिळत नाही का तिकडे?”

आता त्या कॅल्क्युलेटरविषयी सांगितलं पाहिजे, नाहीतर मामांचं रडणं कळणार नाही.

मामा मोजणी खात्यात होते. जमिनी मोजता मोजता त्यांना आकाश मोजायचं वेड लागलं. ऐंशी सालानंतर कधीतरी त्यांचा एक मित्र परदेशातून हे यंत्र घेऊन आला. सायन, कोसाइन तर होतेच, पण त्यात आपण आपली आकडेमोड पायरी पायरीनं लिहून साठवून ठेवू शकत होतो. मामांनी त्यात पंचांग घातलं. अख्खं. तारीख दाबायची, गाव दाबायचं, यंत्र अर्धा मिनिट विचार करायचं आणि तिथी सांगायचं. सूर्योदय सांगायचं. राहुकाल मिनिटाच्या हिशोबात सांगायचं, आणि तोही चेन्नईचा नव्हे, खास वेस्ट मांबलमचा. मामा शपथेवर सांगत की त्यांच्या गल्लीचा राहुकाल आणि मांबलम स्टेशनपलीकडचा राहुकाल यांत फरक असतो. मी एकदा हसलो. मामांनी मला दोन तास बसवून समजावलं आणि उठताना मी स्टेशन ओलांडायची वेळ बदलून टाकली.

हे एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक होतं. पण मामा यंत्राचा पिच्छा पुरवत. ग्रहण असलं की गच्चीवर घड्याळ घेऊन बसत. चंद्र यंत्राच्या सांगण्यापेक्षा उशिरा झाकला गेला की खाली येऊन एखादा आकडा बदलत. पहाटे समुद्रावर जाऊन सूर्य वर येताना पकडत, परत येऊन आणखी एक आकडा बदलत. आधी थोडासा चुकणारा तो डबा वर्षावर्षाला कमी चुकत गेला. माझ्या डोळ्यांदेखत एकदा त्यानं ग्रहण सुटायची जी वेळ सांगितली, त्या मिनिटाला गच्चीवर उजेड पसरला. शेजारच्या इमारतीवरचे कावळेसुद्धा आधी मामांकडे पाहून मग ओरडले, असं मी कारखान्यात सांगितलं होतं आणि दोघांनी ते खरं मानलं होतं.

म्हणून फोन यायचे. आवडी गावच्या क्वार्टरमधून, बंगळूरहून, अमेरिकेहूनसुद्धा. तंजावरहून पांगलेली सगळी घरं श्राद्धाची तिथी, बारशाची वेळ, अमावास्या कधी लागते, हे मामांना विचारायची. मामा झोपाळ्यावरून उत्तर द्यायचे, आणि दुसऱ्या टोकाला कुणीतरी आपल्या मेलेल्या बापाला बरोबर दिवशी पाणी द्यायचं.

“कागदावर उतरवलेलं आहे ना कुठं?” मी विचारलं.

“होते. पहिल्या वर्षीचे,” मामा म्हणाले. “वही आहे. पण तिच्यातले आकडे लहान मुलाचे आहेत. पुढचे सगळे मी थेट याच्यातच सुधारले. याच्यात आहे ते फक्त याच्यात आहे.”

“मग आत्ता उतरवून घेऊ.”

मामांनी यंत्र माझ्यापुढे धरलं. खिडकीकडे तिरकं केलं, तेव्हा कुठे मला काचेत काहीतरी राखाडी सावलीसारखं दिसलं. तीन आहे, आठ आहे की शून्य, ते कळेना.

“मी त्र्याहत्तरचा आहे, तंबी,” मामा म्हणाले. “पुन्हा बसवायचे म्हटले तर आणखी बावीस वर्षे कोण देणार मला?”

मी पंचा आणि पातं हळूच मागे लपवलं.

या सगळ्यात अजब गोष्ट अशी की मामांच्या हिशोबानं बावीस वर्षांत त्या यंत्राचा सेल बदललाच नव्हता. हे ते प्रत्येकाला सांगत. येणाऱ्या पाहुण्याचं ताक पिऊन झालं की मामा यंत्र आणत आणि म्हणत, “आले तेव्हाचे सेल. जपानी माणसाने काय भरून पाठवले, देवालाच ठाऊक.” ऐकणारा हात जोडायचा. मामांनी त्या कंपनीला अभिनंदनाचं चार पानी पत्रसुद्धा पाठवलं होतं. उत्तर आलं नाही. मला वाटतं, ते पत्र वाचून तिकडच्या इंजिनियरांनी आधी आनंदानं आणि मग काळजीनं राजीनामे दिले असतील. मी स्वतः इंजिनियर, नाण्याएवढा सेल बावीस वर्षं टिकत नाही हे मला कळायला हवं होतं. पण समोर चालू यंत्र होतं, आणि ते ग्रहण सांगत होतं. चंद्र ज्याचं ऐकतो त्याच्या सेलबद्दल शंका काय काढायची? मीही हात जोडणाऱ्यांतलाच झालो होतो.

तर त्या सकाळी आकडे फिके दिसले, आणि मामांनी ठरवलं की यंत्राला झोपू द्यायचं नाही. कुणी बटण दाबलं नाही तर सहा मिनिटांनी ते आपोआप बंद व्हायचं. एकदा बंद झालं की पुन्हा उठायची ताकद राहणार नाही, अशी त्यांची खात्री. म्हणून पहाटेपासून दर पाच मिनिटांनी ते अधिकचं बटण दाबत होते. स्वतः आंघोळीला गेले तेव्हा मामींना पहाऱ्यावर बसवलं. जेवताना ताटाशेजारी यंत्र. आणि त्यावर कळस म्हणजे, सेल बदलायला मुहूर्त कोणता, हे त्यांनी त्याच यंत्रावर काढलं होतं. एकदा नव्हे, तीनदा. म्हणजे रुग्ण धापा टाकतोय आणि वैद्य त्यालाच जिने चढायला लावून नाडी मोजतोय.

“चार बत्तीसला राहुकाल लागतो,” मामा म्हणाले. “त्याच्या आत झाले पाहिजे. नाही तर सहा वाजून गेल्यावर. तोवर हा टिकत नाही.”

घड्याळात सव्वातीन वाजले होते.

“मी बदलतो,” मी म्हणालो. काय बोलून गेलो ते मला नंतर कळलं. आमच्या कारखान्यातला सर्वांत लहान पाना मी खांद्यावर घेऊन फिरायचो.

“सेल आणतो आधी. उघडून बघू दे कुठला लागतो ते.”

“वीस बत्तीस नंबरचा,” मामी म्हणाल्या. मान वर केली नाही. शेंग मोडली. “दोन सांगा. दुकानदार वीस पंचवीस देतो, तो पातळ असतो, घेऊ नका. हलतो.”

“तुला गे काय कळते त्यातले?” मामा खेकसले.

“शेजारच्या मुलीच्या वजनकाट्याला लागतो तसला,” मामी म्हणाल्या. “दिसायला तेवढेच तर आहे.”

मामांचं लक्ष नव्हतं, पाच मिनिटं होत आली होती, त्यांनी बटण दाबलं. माझं लक्ष होतं. बंद झाकणाच्या आतल्या सेलची जाडी एखाद्या माणसाला बाहेरून कशी दिसते, हा प्रश्न मी कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत नेला. दुकानदारानं मला वीस पंचवीसच दिले. “ओरे मादिरि दान, सार,” म्हणाला, म्हणजे एकच आहे साहेब. मी परत दिले. घाबरून परत दिले, खरं सांगायचं तर.

परत आलो तेव्हा मामींनी डाव्या हातानं मसाल्याच्या डब्यातून एक बारकुडा स्क्रूड्रायव्हर काढला होता. मेथीच्या कप्प्यातून. पुसून माझ्यापुढे ठेवला.

“हा इथे कसा?” मी विचारलं.

“चष्म्याचा,” मामी म्हणाल्या. घरात कुणालाच चष्मा नव्हता.

आता प्रश्न आला यंत्र बंद करण्याचा. मी म्हटलं, “मामा, चालू ठेवून सेल काढायचे नसतात. आधी बंद करा.”

“शक्य नाही! झोपला की गेला!”

“चालू असताना काढले तर आतलं सगळं विस्कटेल.”

“विस्कटेल, पण जिवंत राहील!”

“अहो मामा, बंद म्हणजे मरण नव्हे. आपण रोज झोपतो आणि उठतो की नाही?”

“त्र्याहत्तराव्या वर्षी रोज उठू याची खात्री तुम्हाला आहे, मला नाही!”

मी विजेचा प्रवाह समजावला. त्यांनी मला अमावास्या समजावली. मी म्हटलं, पुस्तकात असं लिहिलेलं असतं. ते म्हणाले, पुस्तक लिहिणाऱ्याला चंद्र कधी नीट पकडता आला का ते विचारा. मी हात आपटला, त्यांनी झोपाळा आपटला. कड्या करकरल्या. हे भांडण इतकं रंगलं की पलीकडच्या बाल्कनीतून कुणीतरी तमिळमधून विचारलं, क्रिकेटचा स्कोअर काय झाला. आणि मग मामी शांतपणे म्हणाल्या, “बंद झाले ते.”

आम्ही खाली पाहिलं. काच कोरी होती. सहा मिनिटं उलटून गेली होती.

मामांच्या तोंडातून जो आवाज निघाला तो मी त्याआधी आणि त्यानंतर कुठल्याही माणसाकडून ऐकला नाही. ते यंत्राला हलवायला गेले, मी त्यांचे हात धरले. हात थंडगार होते. चेन्नईत, पंख्याखाली, त्या उकाड्यात थंडगार. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आपण कॅल्क्युलेटरचा सेल बदलत नाही आहोत.

“आता माघारी फिरायचं नाही मामा,” मी म्हणालो. “द्या इकडं.”

त्यांनी दिलं. डोळे मिटले आणि ओठांत काहीतरी पुटपुटायला लागले. मी पंचा फरशीवर अंथरला, यंत्र पालथं ठेवलं. मागे एकच स्क्रू होता, मोहरीएवढा. माझ्या बोटांत तो स्क्रूड्रायव्हर हत्तीच्या सोंडेत सुई धरावी तसा दिसत होता. स्क्रू सुटला. झाकण सरकलं. आत दोन गोल घरं, शेजारी शेजारी, आणि प्रत्येकात एक चपटा चकचकीत सेल.

माझा बेत सोपा होता. यंत्र उलटं करायचं, तळव्यावर आपटायचं, दोन्ही सेल बाहेर, दोन्ही नवे आत, झाकण बंद. घरातल्या टॉर्चचं आपण असंच करतो, रिमोटचं असंच करतो. मी यंत्र उचललं. हात फिरवणार एवढ्यात मामी बोलू लागल्या. आमच्याशी नव्हे, गवारीशी.

“नवरात्रात नऊ दिवस दिवा विझू देत नाहीत,” त्या म्हणाल्या. “आमच्या सासूबाई समई ठेवीत. वात जळून टोकाला आली की माणूस घाबरतो आणि काय करतो? जुनी ओढून काढतो, मग नवी शोधतो. तोवर अंधार. सासूबाई जुनीला हात लावत नसत. शेजारच्या घरात नवी वात घालीत, पेटवीत, ती नीट धरली असे पाहत, मग जुनी काढीत. एक जळत असते तोवर दिवा विझला असे कुणी म्हणत नाही.”

“दिव्याचे काय काढलेस गे मध्येच?” मामा डोळे न उघडता म्हणाले.

“दिव्याचे आठवले म्हणून दिव्याचे बोलले.”

माझा हात हवेत तसाच थांबला. दोन घरं. दोन सेल. एक काढला तर दुसरा आतलं सांभाळतो. दोन्ही एकदम काढले तर बावीस वर्षांची ग्रहणं माझ्या पंच्यावर सांडली असती आणि मला दिसलीही नसती. मी यंत्र इतकं हळू खाली ठेवलं की ते टेकलं तरी आवाज आला नाही. माझ्या पाठीवरून घामाची एक धार निघाली आणि ती बहुतेक बंगालच्या उपसागराला मिळाली.

मी डाव्या घरातल्या सेलला स्क्रूड्रायव्हरचं टोक लावून वरून दाबलं. हलेना.

“फणसाच्या गऱ्यातली आठळी काढताना,” मामी गवारीला म्हणाल्या, “वरून दाबले की घसरते. कडेने ढकलायची.”

मी कडेनं ढकललं. सेल टुण्‌कन उडून माझ्या तळव्यावर पडला.

आणि तळव्यावर पडला तो पालथा. पाठीवर निळ्या बॉलपेननं, मुंगीच्या अक्षरात, एक महिना आणि एक साल लिहिलेलं होतं. महिना तमिळमध्ये. ते अक्षर मी रोज पाहत होतो. मामींच्या लोणच्याच्या प्रत्येक बरणीवर तेच अक्षर असायचं, कधी घातलं ते कळावं म्हणून. सेलवरचं साल दोन वर्षांपूर्वीचं होतं.

मी मामींकडे पाहिलं. मामींनी शेंग मोडली.

खरं सांगतो, ग्रहण मी मामांच्या गच्चीवरून पाहिलेलं आहे, भर दिवसा पक्षी घरट्यात परतताना पाहिलेले आहेत. पण त्या दुपारी फरशीवर बसून, तळव्यात तो वीस बत्तीस धरून मला जसं वाटलं तसं तेव्हाही वाटलं नव्हतं. चंद्रसूर्य मामांच्या ताब्यात होते, आणि ते सगळं आकाश ही बाई दर दोन वर्षांनी उघडून, पुसून, पुन्हा लावून ठेवत होती. बावीस वर्षांत एकदाही तिनं अंधार पडू दिला नव्हता. आणि या वर्षी तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून आकडे फिके झाले होते. एवढीच होती त्या जपानी सेलची मर्यादा.

“काय झाले? का थांबलात?” मामांनी विचारलं. डोळे अजून मिटलेले.

“काही नाही. घाम पुसतोय.”

“फडक्याने धरा सेल,” मामी म्हणाल्या. “बोटाचे तेल लागते.”

या वेळी मामांनी ‘तुला काय कळते’ म्हटलं नाही.

नवा सेल फडक्यात धरून डाव्या घरात बसवला. तो खट्‌ असा बसला. मग मी थांबलो. किती थांबलो ते माहीत नाही. ती नवी वात नीट धरलीय की नाही, हे पाहायला माझ्याकडे सासूबाईंचे डोळे नव्हते. मामींनी हलकेच मान हलवली, तेव्हा उजव्या घराला हात घातला. हा दुसरा सेल भलताच हट्टी निघाला. कडेनं ढकलला, आला नाही. दुसऱ्या कडेनं ढकलला, आला नाही. भिंतीवरचं घड्याळ चार वाजून चोवीस मिनिटं दाखवत होतं. मामांचा मंत्र आता तारस्वरात चढला होता. मला तर वाटतं त्या काही मिनिटांत पृथ्वीही जराशी सावकाश फिरली, आणि मामांनी तेवढी वेळ नंतर यंत्रात दुरुस्त करून घेतली असेल.

शेवटी मामी उठल्या. माझ्याजवळ येऊन बसल्या, डाव्या हाताच्या अंगठ्याचं नख सेलच्या कडेला लावलं आणि एकदाच झटकलं. सेल बाहेर. त्यांनी इतक्या पटकन केलं की मामांनी डोळे उघडेपर्यंत त्या परत गवारीपाशी होत्या. मी नवा सेल घातला, झाकण सरकवलं, मोहरीएवढा स्क्रू फिरवला. चार वाजून सत्तावीस.

“दाबा, मामा.”

मामांनी दाबलं. काचेच्या उजव्या कोपऱ्यात एक शून्य उमटलं. काळंभोर.

“आला!” मी ओरडलो.

“शून्य रिकाम्या यंत्रातही येते,” मामा म्हणाले. त्यांना आशा करायचीसुद्धा भीती वाटत होती. “विचारले पाहिजे त्याला.”

“काय विचारता?”

मामांनी एक तारीख दाबली. बरीच जुनी तारीख होती ती. दाबताना दोनदा चुकले, पुसली, पुन्हा दाबली.

“आमच्या लग्नाची,” मामी मला म्हणाल्या. “वैशाख शुद्ध दशमी. चुकली तर लग्न रद्द करता का, विचारा त्यांना.”

“गप बस गे.”

यंत्र विचार करू लागलं. नेहमी त्याला अर्धा मिनिट लागायचा. तो अर्धा मिनिट मी आजपर्यंत जगलेल्या सगळ्या अर्ध्या मिनिटांत मोठा होता. झोपाळा थांबलेला. रस्त्यावरची भाजीवालीसुद्धा, मी खोटं सांगत नाही, तोंड उघडून तशीच थांबली होती. मग काचेत दोन आकडे उमटले.

दहा.

मामांनी यंत्र डोळ्यांना लावलं. आधी उजव्या, मग डाव्या. खांदे हलत होते. मी दुसरीकडे पाहिलं, आणि दुसरीकडे पाहायला तिथे भिंतीशिवाय काही नव्हतं, म्हणून भिंत पाहिली. ते म्हणाले, “सगळे आहे आत. एक आकडा सांडला नाही.”

मग त्यांना जुने सेल आठवले.

“कुठे आहेत ते? बावीस वर्षे सेवा केली त्यांनी. देव्हाऱ्यात ठेवायचे. नंतर समुद्रात सोडू. द्या इकडे.”

ते माझ्या मुठीत होते, दोन्ही, निळी अक्षरं घेऊन. मामांचा हात पुढे आलेला. त्र्याहत्तराव्या वर्षीही त्यांची नजर घारीसारखी होती. मी आयुष्यात इतक्या थापा मारल्या आहेत, त्या घटकेला एकही मदतीला आली नाही.

“देव्हाऱ्यात असेच कोरडे ठेवायचे का?” मामी म्हणाल्या. त्यांनी माझ्या मुठीतून सेल घेतले, देव्हाऱ्यापाशी गेल्या, डाव्या अंगठ्यानं चंदन घेतलं आणि दोन्हींच्या पाठीवर चांगलं जाड, कडेपर्यंत, लिंपून टाकलं. वर कुंकवाचा एकेक ठिपका. मग मामांच्या हातात दिले. मामांनी कपाळाला लावले आणि देवाच्या पायाशी ठेवले. बरोबर चार एकतीस झाले होते.

त्यानंतर मामा झोपाळ्यावर आडवे झाले आणि पहाटेपासूनची झोप एकदम वसूल करू लागले. यंत्र छातीवर होतं, बंद, शांत. मी स्वयंपाकघराच्या दारात गेलो. मामी एका हातानं फोडणी करत होत्या.

“मामी,” मी आवाज खाली घेऊन विचारलं, “इतकी वर्षं बदलत आलात, आणि त्यांना एकदाही सांगितलं नाहीत?”

मामींनी कढईत गवारी टाकली, झाकण ठेवलं.

“मी बदलते तेव्हा ते निजलेले असतात.”